इकाम्यावरचं घर

गेल्या महिन्यात माझा मामेभाऊ बायको आणि दोन मुलांना घेऊन कुवेतहून कायमचा परतला. ओटीवर अजून अकरा खोकी दोरीने बांधलेली तशीच पडली आहेत. प्रत्येक खोक्यावर चारही बाजूंनी जाड मार्करने नाव, गाव, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. मी भेटायला गेले तेव्हा तो त्यातल्याच एका खोक्यावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "तुला किती दिवस लागले गं, इथली सवय व्हायला?" धाकटा मुलगा आईच्या ओढणीला धरून विचारत होता, इथे बकाला कुठे आहे?

मी म्हटलं, "सहा महिने, भाई." हे खोटं होतं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते एकट्या भाईसाठी नाही. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं बालपण दम्माम, दोहा, शारजा किंवा मस्कतमधल्या दोन खोल्यांत गेलं असेल, किंवा तुमचे अब्बा आजही तिथे असतील. म्हणून या वेळचं संपादकीय घरगुती आहे.

मी आठ महिन्यांची असताना अम्मी मला घेऊन सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अल खोबरला गेली. परतलो तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. मधली सगळी वर्षं एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जाई, म्हणून पश्चिमेच्या खिडकीच्या काचांना अम्मीने ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलं होतं, चपात्या गुंडाळतात तेच. त्यामुळे त्या खोलीत दिवसासुद्धा ट्यूबलाइट लागे. खिडकीतला एसी इतका घरघरायचा की गावी आल्यावर पहिल्या काही रात्री त्या आवाजाशिवाय आम्हा भावंडांना झोप येत नसे.

दिवस खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा तो सूर्य बुडाल्यावर. इशाच्या नमाजनंतर रस्ते गजबजत. नमाजच्या वेळी दुकानं बंद होत. आपण बाहेर राहिलो तर फुटपाथवर उभं राहायचं, आत अडकलो तर अर्धवट अंधारात बिस्किटांचे भाव वाचत बसायचं. खालच्या बकाल्यातून एक रियालचं खुब्ज, अफगाणी तंदूरवाल्याकडून गरम तमीस आणि सोबत फूल, शुक्रवारी मासळीबाजारातून कनाद. कनाद म्हणजे आपली सुरमई. अम्मी तिला गावाहून आणलेल्या आगळात मुरवायची, आणि त्या एका वासाने घर काही तासांपुरतं खेडमध्ये येई. वर्षातून एकदोनदा जोराचा पाऊस पडला की रस्ते तुंबत आणि शाळेला सुट्टी मिळे. कोकणातून आलेल्या अब्बांना याचं भारी हसू यायचं. "दोन तासांच्या पावसाला सुट्टी! आम्ही तर चार महिने घरीच बसायला हवं होतं," हे ते दर पावसाला म्हणत.

शाळा सीबीएसईची. शिक्षिका बहुतेक केरळच्या, शेजारी हैदराबादचे, वर्गात हिंदी-उर्दू, घरात कोकणी. मराठी आमच्या शाळेत नव्हतं. अम्मीने बालभारतीची पुस्तकं सुट्टीत गावाहून आणली आणि दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून आम्हाला शिकवलं. 'ळ' म्हणता येईपर्यंत तिने मला जेवायला वाढलं नव्हतं, असं ती सांगते. मला ते आठवत नाही. पण आज हे मराठीत लिहितेय ते त्या ओट्यामुळे, एवढं मान्य करते.

तिथे आम्हाला सगळे 'हिंदी' म्हणत. कंपनीचा मुदीर, टॅक्सीवाला, तपासणी नाक्यावरचा पोलीस, सगळ्यांसाठी आम्ही हिंदी, म्हणजे हिंदुस्तानचे. भारतीय असल्याचा पुरावा तिथे आमच्याकडे कुणी कधी मागितला नाही. मागत ते इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. तो अब्बांच्या नोकरीवर, अम्मीचा आणि आमचा अब्बांवर. नोकरी गेली की चार-पाच माणसांचं घर त्या दिवसापासून मोजून राहायचं. अब्बांचा पासपोर्ट कित्येक वर्षं कंपनीच्या तिजोरीत होता. तसं ठेवणं नियमात बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मागितला मात्र नाही.

खोबरहून बहरीनला समुद्रावरून पूल जातो. १९८६ साली सुरू झालेला, सुमारे २५ किलोमीटरचा. त्याच्या मध्यावर एक बेट आहे आणि हद्द न ओलांडता तिथपर्यंत जाता येई. महिन्यातून एकदा आम्ही चटई, थर्मास आणि डब्यात वड्या घेऊन तिथे जायचो. समोर बहरीनचे दिवे दिसत. पलीकडे जायचं तर प्रत्येकाचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा काढावा लागे आणि त्याचे पैसे पडत. ते पैसे गावच्या घराच्या दुसऱ्या मजल्यासाठी होते. म्हणून आम्ही अर्ध्यावरून परत यायचो. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. पूल तेवढाच असतो असं आम्ही धरून चाललो होतो.

सगळंच तसं होतं. पलंग कुणा परतणाऱ्या कुटुंबाकडून घेतलेला जुना, सोफाही तसाच. नवं काही घ्यायचं म्हटलं की अम्मी म्हणे, कशाला, जायचंच आहे. जायचंच आहे, हे मी सोळा वर्षं ऐकलं. चांगली वस्तू आली की ती पलंगाखालच्या खोक्यात जाई: काचेचा डिनर सेट, मऊ ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या. ते गावाकडच्या घरासाठी. आणि गावाकडचं घर वर्षातले अकरा महिने बंद.

आणखी एक गोष्ट सांगायची राहील, कारण आखातातल्या आठवणी सांगताना आपण ती गाळतो. फॅमिली व्हिसा सगळ्यांना मिळत नसे. हुद्दा आणि पगार बघून मिळे. ज्यांना मिळत नसे ते 'बॅचलर'. गावी बायको आणि चार मुलं असली तरी तिथे तो माणूस बॅचलरच. कितीतरी बागांच्या आणि मॉलच्या दारावर 'फक्त कुटुंबांसाठी' असा बोर्ड असे. शुक्रवारी कामगार कॅम्पांतून बसने शहरात येत आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून मोबाइलवर घरी बोलत. आपल्याच तालुक्यातली माणसंही त्यात असत. आम्ही त्यांच्यासमोरून आइस्क्रीम खात बोर्डाच्या आत जायचो. अब्बा त्यांना सलाम करत, क्वचित थांबत. आम्ही वरच्या पायरीवर आहोत याचं मला लहानपणी बरं वाटायचं, हे लिहायला लाज वाटते.

१ जुलै २०१७पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदारांच्या कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल फी लावली. दर वर्षी ती १००ने वाढणार होती, २०२०पर्यंत ४००. आमच्या घरात अवलंबित चार: अम्मी, मी आणि दोघे भाऊ. पहिल्या वर्षी महिना ४००, मग ८००, मग १२००, मग १६०० रियाल, आणि तेही इकामा नवा करताना आगाऊ. अब्बांनी हिशेब जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मांडला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. खाली त्यांनी काहीच निष्कर्ष लिहिलेला नाही, दोन रेघा मारल्यात फक्त. २०१८च्या एप्रिलमध्ये आमचा फायनल एक्झिट झाला. त्या मोसमात आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं गेली. आमचा पलंग घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

अब्बा मागे राहिले. एका खोलीत चौघे. एका रात्रीत ते बॅचलर झाले आणि ज्या बागेत आम्ही सोळा वर्षं चटई टाकली तिच्या बोर्डाबाहेर बसून आयएमओवर आमच्याशी बोलू लागले. मागे बागेतली कारंजी दिसत. ते म्हणत, मस्त हवा सुटलीय. आम्ही कुणी विचारलं नाही की तुम्ही आत का नाही.

इकडे अम्मीचं वेगळंच चाललं होतं. तिथे सोळा वर्षं ती बाजाराला जायची तरी अब्बांच्या सुट्टीची वाट बघे. आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनी, २४ जून २०१८ला, सौदीत बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली. ती बातमी तिने गावच्या घरात टीव्हीवर बघितली, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या मुलीकडून स्कूटी शिकायला लागली. दादीने बरीच कुरकुर केली. पावसाळ्यात ती एकदा गटारात पडली, गुडघा फुटला, आणि गणपतीपर्यंत ती खेडच्या बाजारातून एकटी मासळी आणायला लागली होती. परतण्यात सगळं गमावलंच असं म्हणणाऱ्यांनी माझ्या अम्मीला एकदा विचारावं.

माझी गत मात्र वाईट. अकरावीच्या प्रवेशापाठोपाठ डोमिसाइलचा प्रश्न आला. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवा. माझं वास्तव्य खोबरचं. एका कार्यालयात खिडकीपलीकडचे गृहस्थ फाइल चाळत म्हणाले, "म्हणजे तुम्ही इथल्या नाहीच." ते नियमाचं बोलत होते, पण आपल्या कानांना ते वाक्य दुसऱ्याच सुरात ऐकायची सवय लागली आहे. त्या दिवशी मी बसमध्ये रडले. सौदीतही माझी काही कायम जागा नव्हती. तिथे वाढलं म्हणून परक्याच्या मुलांना नागरिकत्व मिळत नाही. खेडमध्ये मी 'सौदीवाली', खोबरमध्ये 'हिंदी', आणि खिडकीपुढे कुठलीच नाही.

आणि तरीही मला सगळ्यात जास्त टोचली ती त्या गृहस्थांची गोष्ट नाही. टोचलं ते पुढच्या वर्षी. त्या मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यात नळाला तीन दिवसांआड पाणी येत होतं. मोहल्ल्यात संगमरवरी पायऱ्यांची बावीस घरं, त्यातली चौदा बंद. तक्रार कुणी करायची? जमातीचे लोक म्हणाले, दम्मामवाल्यांना सांगू, ते वर्गणी काढतील, टँकर आणू. मशिदीचा मिनार, मदरशाचं छप्पर, रुग्णवाहिका, गावचं सगळं अशाच वर्गणीतून उभं राहिलेलं. पैसे द्यायला आपण कधी मागे हटलो नाही. पण ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या योजनेत आपल्या मोहल्ल्यासाठी किती तरतूद आहे, हे एकाही घराने कधी विचारलं नव्हतं. तिथेही आपण परक्यासारखेच राहत होतो. निमूट, नीटनेटके, स्वतःच्या पैशाने स्वतःची सोय करणारे. वाटत होतं, हा फक्त आमच्या घराला लागलेला रोग आहे. तो अख्ख्या मोहल्ल्याला होता. जे कधी पनवेलच्या पलीकडे गेले नाहीत, तेसुद्धा मनाने इकाम्यावर राहत होते.

१५ ऑगस्ट २०१९च्या ग्रामसभेला अम्मी मोहल्ल्यातल्या पाच बायकांना घेऊन गेली. पाण्याचा विषय काढला तर कुणीतरी शांतपणे विचारलं, तुमचं नाव यादीत आहे का? ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. अम्मीचं नाव लग्नानंतर लागलं होतं, मधल्या काळात कधीतरी वगळलं गेलं. सहापैकी चौघींची तीच कथा. विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. तो नियमाने बरोबर होता आणि आमची बाजू रिकामी होती. त्याच आठवड्यात अम्मीने नमुना ६ भरला. अठरा पूर्ण झाल्यावर माझा पहिला सरकारी कागदही तोच.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही गावच्या यादीत नाव ठेवता येतं. २०१०मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली, त्यांचा अर्ज नमुना ६अ. मत द्यायला मात्र स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं, आणि विमानाचं तिकीट काढून मत द्यायला कोण येणार, हा अब्बांचा प्रश्न मला खोडता आलेला नाही. पण ज्यांचं तिकीट निघालंच आहे, खोकी आलीच आहेत, त्यांना हा प्रश्न लागू नाही.

अब्बा २०२१मध्ये आले. आजही घराबाहेर पडताना ते शर्टाच्या खिशावर हात ठेवून इकामा आहे का ते चाचपतात. खिशात आता फक्त चष्मा असतो. पहिल्या ग्रामसभेत ते पूर्ण वेळ दाराजवळ उभे होते, खुर्ची रिकामी असून.

भाईला मी हे सगळं त्या संध्याकाळी सांगितलं नाही. नमुना ६बद्दल तेवढं बोलले. त्याने विचारलं, पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल? घराचं वीजबिल त्याच्याच नावावर आहे आणि आठ वर्षं तो ते कुवेतहून भरतोय. बिलांची फाइल एका खोक्यात होती. कुठल्या, ते कुणालाच आठवेना. शेवटी भाभीने कात्री आणली आणि ज्या खोक्यावर तो बसला होता त्यावरून त्याला उठवलं.