अंगण ठेकेदाराचे की मुलांचे?

शाळेच्या नव्या इमारतीचा आराखडा पालकसभेपुढे येतो, तेव्हा वर्ग किती, प्रयोगशाळा केवढी, यावर तासन्‌तास चर्चा झडते. अंगणाचा विषय मात्र 'पेव्हर ब्लॉक बसवू' या तीन शब्दांत निकालात निघतो. ही घाई आम्हांस मान्य नाही.

चिखल होतो, साप निघतात, गणवेश मळतात, ही कारणे आम्ही पुष्कळ ऐकली. चिखल धुतल्याने जातो. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. त्यात झाडाचा दोष कोणता? उलट झाकलेली जमीन पाऊस पीत नाही, शेजारची विहीर तेवढी उपाशी राहते आणि एप्रिलच्या दुपारी सारे आवार तव्यासारखे तापते. वसईच्या गावांतली कितीतरी बावखले आपल्या डोळ्यांदेखत बुजली. त्यांचे कार्य काय होते, हे मुलांना दाखवायला शाळेच्या आवारात एक खड्डासुद्धा आपण शिल्लक ठेवू नये?

आपल्याच पालघर जिल्ह्यात याहून शहाणा पायंडा पडलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, अशी 'कुरणशाळा' तेथे चालली. पाने, बिया, खडे हेच शैक्षणिक साहित्य. (त्या दोघींना निविदा मागवावी लागली नाही!)

आमचे मागणे खर्चाचे नाही. आराखडा पक्का होण्यापूर्वी एक सत्र तो विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या हाती द्या. पाचवीच्या मुलांना विचारा : सकाळी दहाला सावली कुठे असते, तीनला कुठे? पहिल्या सरीचे पाणी कोणत्या कोपऱ्यात थांबते? मोठ्या मुलांचे क्रिकेट सुरू झाले की मुली आणि बालवाडीची लेकरे कुठे ढकलली जातात? हा नकाशा ती वास्तुविशारदापेक्षा चोख काढतील. गणिताच्या बाईंना खांबाची सावली मोजायला उघडी जागा हवी असेल, विज्ञानाच्या सरांना पर्जन्यमापक आणि अळूचा वाफा. मराठीच्या बाईंना जांभळाखाली चाळीस मुले बसतील एवढा पार पुरे. त्यांना विचारले कोणी?

येत्या मे महिन्यात जेथे ब्लॉकचे ट्रक यायचे आहेत, तेथील पालकांनी आताच मुख्याध्यापकांकडे मुलांनी काढलेला नकाशा मागावा. नकाशा नसेल, तर देणगीचे पाकीट तोवर घरीच राहू द्यावे.