टेबलाचे माप कोपराने घ्यावे

पन्हाळ्यावर नवी खोली बांधणे सोपे नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत कायद्याने नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. वारसा जपायचा तर ही बंधने हवीतच. पण स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची किंवा लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी सामाईक खोली करायची, तर ती बहुधा आहे त्याच भिंतींत बसवावी लागते. मग सारा भार टेबलावर येतो. एका टेबलाशी किती जण बसवायचे, हा हिशेब वरवर खर्चाचा दिसतो, पण तिथे रोज आठ-दहा तास बसणाऱ्यांच्या माना आणि पाठी त्यावर ठरतात.

आपल्याकडे टेबलाचे माप बहुतेक वेळा प्लायवूड ठरवते. प्लायचा तक्ता आठ फूट बाय चार फूट येतो. तो न कापता वापरला आणि समोरासमोर माणसे बसवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन फूट खोली येते. लॅपटॉपचा पडदा हातभर अंतरावर ठेवून पुढे वही मांडायला तेवढी पुरते. मात्र पैसे वाचवण्यासाठी तोच तक्ता उभा चिरून दोन फुटी टेबले केली आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या लावल्या, की माणशी एक फूट उरतो. मग पडदा नाकाशी येतो आणि वही मांडीवर जाते. दोन फुटी टेबल भिंतीला लावून एकाच बाजूने वापरावे. तिथे ते उत्तम चालते.

रुंदीचा हिशेब याहून नाजूक आहे. मोठ्या माणसाचे खांदे साधारण १७-१८ इंच रुंद असतात, पण लिहिताना कोपरे बाहेर येतात. आठ फुटांच्या एका बाजूला पाच जण बसवले तर माणशी १९ इंच मिळतात, म्हणजे खांद्याला खांदा. चार जणांना २४ इंच मिळतात. तास-दोन तासांच्या वाचनाला ते चालतील. दिवसभर बसणाऱ्यांसाठी तीनच जण हवेत, माणशी ३२ इंच. अंग चोरून बसलेला माणूस खांदे आत ओढून धरतो, आणि असे तासन् तास धरून ठेवलेले स्नायू संध्याकाळी दुखू लागतात.

उंचीचा मुद्दा मुलींच्या बाबतीत अधिक बोचतो. बाजारातले टेबल साधारण ३० इंच उंच असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. पाय जमिनीवर टेकवून बसल्यावर तिचे कोपर जमिनीपासून अंदाजे २४-२५ इंचांवर येते. टेबल त्याहून पाच इंच वर असेल तर तिला खांदे उचलून लिहावे लागते. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली दाब येतो. जुन्या पेढ्यांवर मुनीम जमिनीवर बसून बुटक्या, उतरत्या मेजावर लिहीत, ते मेज मुळातच मांडी घालून बसणाऱ्याच्या मापाचे असे. आज निदान बरीचशी टेबले २८ इंचांची करून खाली पाय ठेवायला आडवी पट्टी द्यावी. एखादे टेबल मात्र ३० इंचांचेच ठेवावे, कारण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याचे गुडघे आत जायला ती उंची लागते. टेबलाचा पाय कुणाच्या गुडघ्यासमोर येणार नाही, हेही पाहावे.

यावर रास्त आक्षेप असा, की जागा कमी झाल्या तर कुणाला तरी परत जावे लागेल. चार टेबलांवर ३२ ऐवजी २४ जण बसले, तर आठ जण बाहेर राहतात, आणि ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपराही नाही अशांचाच नंबर त्यात लागतो. त्यावर उपाय वेळेचा आहे. अभ्यासिका पहाटे लवकर उघडावी, रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावी, पाळ्या लावाव्यात. सगळ्यांना एकाच वेळी कोंबून कुणालाच नीट बसता येऊ नये, यापेक्षा हे बरे.

टेबल सगळेच सोडवत नाही. पावसाळ्यात गडावर धुके खोलीत शिरते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात. क्षयासारखे हवेतून पसरणारे आजार चार फुटी टेबलाने अडत नाहीत. त्यासाठी हवा खेळती लागते. त्याच ओलीने साधा पार्टिकल बोर्ड फुगतो, म्हणून ओल सोसणारे प्लाय आणि लोखंडी सांगाडा घ्यावा. आणि टेबल कितीही मापाचे असले तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालायला हवीच.

नगरपालिका असो, ग्रंथालय असो की खासगी चालक, खरेदीच्या कागदावर ‘आठ आसनी टेबल’ एवढेच लिहून भागवू नये. माणशी रुंदी, खोली आणि उंची लिहावी. आधी एकच टेबल करून घ्यावे, गावातली सर्वांत बुटकी मुलगी आणि सर्वांत उंच मुलगा तासभर त्याच्याशी बसवावा, आणि मगच बाकीची टेबले करायला सांगावीत.