पडद्यामागचा कामगार आणि आपण



जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघताना आपण नटाला टाळ्या दिल्या, शिट्ट्या मारल्या. पण त्याच्यावर उजेड पाडणारा, सेट ठोकणारा सुतार, रात्रभर कपडे शिवणारा शिंपी, हेही आपल्यासारखेच हातावर पोट असलेले कामगार, हे कितीजणांच्या ध्यानात आलं?

त्यांची लढाई गिरणीपेक्षा अवघड. गिरणीला गेट असतं, मस्टर असतो, मालक ठाऊक असतो. सिनेमातही एकेकाळी तसंच होतं. १९३३ साली पुण्याला आलेल्या प्रभात कंपनीत माणसं महिन्याच्या पगारावर होती. पण अशा कंपन्या एकेक करून बसल्या. १९५३ साली प्रभातही बंद पडली. मग दर सिनेमाला नवा निर्माता. चित्र पुरं झालं की मालक पसार! थकलेली मजुरी मागायची कुणाकडं?

त्यांनी तोड काढली. ज्या त्या कसबाची वेगळी संघटना बांधली आणि १९५६ साली मुंबईत सगळ्यांचा मिळून महासंघ उभा केला, ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज’. हत्यार साधं: एकाची मजुरी बुडवणाऱ्याच्या कामावर कुणीच जायचं नाही. १९८१ साली संसदेनं कायदा केला, लेखी कराराशिवाय सिनेकामगाराला कामाला लावायचं नाही. पण नुसत्या कायद्यानं चूल पेटते थोडीच? मजुरी वेळेवर मिळावी म्हणून १ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना पुन्हा काम बंद पाडावं लागलं.

तरी या संघटनांची आम्ही आरती ओवाळणार नाही. रंगभूषाकारांच्या संघटनेनं बाईला रंगभूषेचं कार्ड नाकारलं. तिनं केशभूषाच करावी म्हणे! हा नियम नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोडला. बायांना दाराबाहेर ठेवणारी एकजूट लंगडीच.

हे सारं आम्ही का सांगतो? तुमच्यातले कितीतरी आज ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. ठेकेदार बदलला की जुन्याची बाकी कुणी द्यायची, हाच तंटा. ‘आमचा मालक कोण तेच ठाऊक नाही, युनियन कसली करता?’ असं म्हणणाऱ्यांना सिनेकामगारांनी केव्हाच उत्तर दिलंय. मालक बदलतो, मशीन चालवणारे हात बदलत नाहीत. त्या हातांची यादी आज ठेकेदाराच्या खिशात आहे. बाया-बाप्ये, कायम-हंगामी सगळ्यांची नावं घालून तशीच यादी आपण करू या. युनियनचं पहिलं काम तेच.