एका दिवसाची किनारा सहल जोरात. पण गाडी कुणाची आणि गाईड कुणाचा?

पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ती पाहुण्यांची तऱ्हा. पूर्वी मुंबई-पुण्याचं कुटुंब आलं की दोन-तीन रात्री मुक्काम ठोकायचं. घरगुती खोली, घरचं जेवण, जाताना कोकम आणि काजूगर. आता बरेच पाहुणे सकाळी येतात आणि काळोख पडायच्या आत परत फिरतात. गाडी ठरलेली, माहिती सांगणारा माणूस सोबत, बुकिंग मोबाईलवर आधीच झालेलं. एक कुटुंब, एक गाडी, एक गाईड, एक दिवस. याला ‘प्रायव्हेट डे टूर’ म्हणतात.

याला कारणंही आहेत. गोव्यातलं मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झालं आणि सावंतवाडी, वेंगुर्ला तालुके विमानाच्या माणसाला जवळ आले. गोव्याच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला तिथले एजंट ‘मालवण स्कुबा’ म्हणून एक दिवसाची सहल विकतात. सकाळी उचलायचा, पाण्यात बुडी मारून आणायची, रात्री परत हॉटेलवर सोडायचा. त्यात 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन या जिल्ह्यातले. ‘जागतिक वारसा’ हा शब्द जाहिरातीत घालायला आता कुणाला परवानगी लागत नाही.

जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून 1997 साली जाहीर झाला. तेव्हापासून ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणत पाहुण्याला बोलावलं गेलं. पाहुणा आला. प्रश्न एवढाच आहे की त्याच्या खिशातला पैसा कुठल्या गावात उतरतो.

हिशेब सोपा आहे. समजा, चार माणसांच्या कुटुंबाने दिवसाच्या सहलीचे 8 हजार रुपये मोजले. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. एजंटाचं कमिशन बाहेर गेलं, गाडीभाडं बाहेरच्या गाडीमालकाचं, डिझेल बहुतेक वेळा निघतानाच भरलेलं, गाईडची मजुरी बाहेरच्या माणसाची. होडीचं तिकीट आणि जेवण वेगळं, ते पाहुणा इथे देतो. पण जेवायचं कुठे हे ड्रायव्हर ठरवतो. जिथे त्याला फुकट ताट आणि वर काही सुटतं, तिथेच गाडी थांबते. रस्त्याकडेला घरगुती खानावळीची पाटी लावून बसलेल्या बाईकडे ती वळत नाही. गावाच्या वाट्याला पार्किंगची पावती, शहाळ्याची दोन गिऱ्हाईकं आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

म्हणजे या धंद्यात खरी किंमत आहे ती गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला. समुद्र सरकारचा, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, पण पाहुण्याचा दिवस त्या माणसाच्या हातात. कुठे थांबायचं, काय खायचं, काय विकत घ्यायचं, कुठे पैसे द्यायचे, सगळं तो सांगतो.

आणि तो माणूस बाहेरचा असला की पाहुण्याचंही नुकसान होतं, हे कुणी मोजत नाही. एक उदाहरण बघा. देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी जे वाळूचं बेट आहे, ज्याला ‘त्सुनामी आयलंड’ नाव पडलं, ते ओहोटीला उघडं पडतं. भरतीच्या वेळी पाहुणा नेला तर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फोटो काढतो आणि चिडून परत येतो. कोळ्याच्या घरातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, त्यात उधाण, आणि पाणी पूर्ण उतरायला संध्याकाळ होते. हा ठोकळ हिशेब आहे, थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला पुरतो. त्यानुसार कधी आधी किल्ला आणि मग बेट, कधी उलट. छापील वेळापत्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरकडे हे गणित नसतं. त्याचा कार्यक्रम रोज तोच.

अंतरांचंही तसंच. देवबागच्या टोकावरून भोगवेचा किनारा समोर दिसतो, मध्ये फक्त खाडी. होडीने काही मिनिटं. गाडीने जायचं तर मागे फिरून खाडीवरच्या पुलावरून, परुळे करत, चांगला तासभराचा वळसा. नकाशावर बोट ठेवून सहल आखणाऱ्याला हे कळत नाही. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही एकाच दिवसात दाखवतो असं सांगणारे आहेत. दाखवता येतात, पण पाहुण्याचा निम्मा दिवस गाडीत जातो. जाणता माणूस सांगेल की एकच किल्ला धरा, नीट बघा.

नीट बघायला आहे भरपूर. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं. कुरटे बेटावर 48 एकरांत पसरलेला हा किल्ला बांधायला साधारण तीन वर्षं लागली. पायात शिसं ओतलं. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. काम सुरू करण्याआधी जिथे पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्याच किनाऱ्यावर आहे. किती बाहेरचे गाईड गाडी तिथे थांबवतात? होडी किल्ल्यावर साधारण तासभर देते. त्या तासात पाहुण्याला काय सांगायचं, हे किल्ल्याच्या समोर वाढलेल्या पोरापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार. मात्र ठाऊक असणं आणि सांगता येणं यात फरक आहे. उभं राहून वीस मिनिटं हिंदीत सलग बोलायची सवय करावी लागते. दंतकथा आणि इतिहास वेगळा ठेवून सांगावा लागतो.

इथपर्यंत बोलणं झालं की गावातली पोरं म्हणतात, गाडी आहे की घरात, उद्यापासून चालू करतो. बरेच जण करतातही. पांढऱ्या नंबर प्लेटची घरची गाडी, ओळखीतून आलेला पाहुणा, दिवसाचे रोख पैसे. इथेच सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्यावर गावात कुणी बोलत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं. ते नसेल तर कलम 192 अ खाली पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट विमा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. घाटात, वळणावर काही झालं, पाहुणा दगावला किंवा जायबंदी झाला आणि गाडी भाड्याने होती हे सिद्ध झालं, तर कंपनी हात वर करू शकते. कोर्ट काही वेळा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. भरपाई लाखांत जाते. ती भरायला घर आणि सातबारा एवढंच जवळ असतं. दिवसाच्या दोन-तीन हजारांसाठी कलमांची बाग डावावर लावायची का, याचा विचार पोराने नाही तरी बापाने करावा.

पिवळी पाटी करणं वाटतं तेवढं अवघड नाही. गाडीची नोंद प्रवासी वाहन म्हणून, टुरिस्ट परमिट, व्यावसायिक विमा, ठरल्या मुदतीने फिटनेस. कर आणि हप्ता जास्त बसतो हे खरं. लायसन्सबद्दल मात्र गैरसमज फार आहे. 7,500 किलोच्या आतली प्रवासी गाडी चालवायला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, वेगळी नोंद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2024 च्या नोव्हेंबरात स्पष्ट केलं आहे. वेगळ्या नोंदीसाठी अडून बसलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

पाण्यातल्या धंद्यालाही हेच लागू. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस कडक तपासणी झाली, मग पुन्हा सैलपणा. सहलीचा गाईड गावचा असेल तर कुठल्या होडीत बसवायचं, लाईफ जॅकेट किती आहेत, वारा कसा आहे, हे तो बघतो. कारण उद्या त्याच जेटीवर त्याला तोंड दाखवायचं असतं.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते फोन उचलतात. सांगितलेल्या वेळेला गाडी दारात असते, दर आधी कळतो, बिल मिळतं, रद्द केलं तर पैसे परत कसे मिळणार हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे ‘बघूया’, ‘येताव’ यावर काम चालतं आणि दर गिऱ्हाईकाचे कपडे बघून ठरतो. असं असल्यावर शहरातला माणूस एजंटाकडे गेला तर त्यात त्याचं चुकलं कुठे?

हा विषय फक्त देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचा आहे असं कुडाळ-कणकवलीकरांनी समजू नये. जिल्ह्यातले आठपैकी हे तीनच तालुके किनाऱ्याचे. पण कोकण रेल्वेचा पाहुणा उतरतो कुठे? कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, सगळी स्टेशनं आतल्या भागात. समुद्रापर्यंत न्यायला त्याला गाडी लागतेच. ती गाडी कुडाळच्या पोराची असेल तर वाटेत पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला थांबेल, वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात अर्धा तास जाईल, येताना सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं दुकान लागेल. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवन सफारी चालवतो. वल्ह्याची होडी, शांत पाणी, पक्षी. असल्या जागा दिवसाच्या आखणीत आल्या की समुद्रावरची गर्दीही थोडी हलते आणि पैसाही चार ठिकाणी वाटला जातो. बायकांना यात न्याहारीचं, जेवणाचं काम उभं करायचं असेल तर राज्य सरकारच्या ‘आई’ पर्यटन धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. बँकेत जाताना हे नाव सांगावं, कारण काउंटरवरचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही.

अडचण हंगामाची. मार्च ते मे हा काजू-आंब्याचा काळ आणि पाहुण्यांचाही. बागेत माणूस मिळत नाही आणि पोरगा गाडी घेऊन समुद्रावर. यात बाग मागे पडली तर तोटाच. म्हणून ज्यांची शेती आहे त्यांनी भातकापणी उरकल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरला तर दोन्ही जमतं. थंडीत समुद्रही शांत असतो, सकाळी डॉल्फिन बघायला बरं, आणि उन्हाचा तडाखा नसल्याने पाहुणा किल्ल्यावर दमत नाही. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत होड्या बंदच असतात. तोच काळ कागदपत्रांचा. सिंधुदुर्गनगरीच्या आरटीओ कार्यालयात परमिट आणि पासिंगसाठी जायचं ते तेव्हाच, सप्टेंबर उजाडल्यावर नाही.