पाचूला कढत पाणी नको

हिरव्या चुड्याशेजारी पाचूची अंगठी काय खुलते! पण सणवार आला की आपण सगळे दागिने रिठ्याच्या कढत पाण्यात टाकतो. सोन्याला ते मानवतं, पाचूला मुळीच नाही. मीसुद्धा सासूबाईंची अंगठी बांगड्यांबरोबर उकळली. बाहेर काढली तो खड्याचं पाणी गेलेलं, आणि कधी न दिसलेल्या चिरा पांढुरक्या होऊन वर आलेल्या. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

पाचूत मुळातच बारीक भेगा असतात, कोलंबियातल्या मुझो खाणीच्या नामांकित खड्यांतही. त्या दिसू नयेत म्हणून पैलू पाडल्यावर खड्यात तेल मुरवतात. उष्णता, सोडा, वाफ यांनी ते निघून जातं. दागिने धुण्याचं ते थरथरणारं यंत्र तर त्याहून वाईट. म्हणून सराफाच्या हाती देताना “यात पाचू आहे हो” असं बजावून सांगावं.

घरी कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. लगेच टिपून कोरडा करावा. हिऱ्याच्या कुड्यांबरोबर एका डबीत ठेवू नये, हिरा त्यावर चरे पाडतो. भांडी घासताना अंगठी काढलेलीच बरी, पाचू आपटला तर कडेला टवका उडतो. आणि मोठा, अगदी नितळ खडा कुणी स्वस्तात देत असेल, तर ती बहुधा काच!

सासूबाईंची अंगठी जाणत्या जवाहिऱ्याकडून पुन्हा तेल मुरवून आणली. चिरा बऱ्याचशा झाकल्या. एक मात्र अजून दिसते.