भेट घ्यायची, तर कुणाच्या दुकानातून?

शादीचा मोसम संपला की आपल्या घरांमध्ये पलंगाखाली एक पेटी भरलेली असते. काचेच्या सहा ग्लासांचा संच, प्लास्टिकचे भिंतीवरचे घड्याळ, दोन डिनर सेट, तीन फोटोफ्रेम. त्यांचे वेष्टन कुणी काढत नाही, कारण पुढच्या निकाहात नुसती चिठ्ठी बदलून तीच वस्तू पुढे जायची असते. एकच लेमन सेट चार घरे फिरून पुन्हा पहिल्या घरी आल्याचा किस्सा प्रत्येक खानदानात सापडेल. हसून सोडून द्यावे असाच हा किस्सा आहे. पण त्यात पैसे खर्च झालेले असतात, आणि भेट मात्र कुणालाच मिळालेली नसते.

आपल्या दीनमध्ये हदिया देण्याला मोठे स्थान आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) भेट स्वीकारत आणि बदल्यात स्वतःही काही देत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. शेजारणीने बकरीचा खूर पाठवला तरी तो कमी लेखू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. म्हणजे भेटीचे मोल तिच्या किमतीत नाही, देणाऱ्याने घेणाऱ्याचा विचार केला की नाही, यात आहे. आणि तो विचार दुकान निवडण्यापासूनच सुरू होतो. म्हणून या महिन्यात आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या बाजारात फिरायचे ठरवले.

आमच्या शाळेच्या हजेरीपटात अत्तार, मणियार, नदाफ, शिकलगार, तांबोळी, बागवान अशी आडनावे रोज वाचली जातात. एकदा वर्गात विचारले, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?" बागवान आणि तांबोळी यांची उत्तरे आली. बाकीची मुले एकमेकांकडे पाहत राहिली. ही आडनावे म्हणजे खरे तर दुकानांच्या पाट्या आहेत. आजोबांच्या पिढीपर्यंत त्या पाटीमागे दुकान होते. कुठे ते अजून आहे, कुठे नावच उरले आहे.

अत्तारापासून सुरुवात करू. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद हे नाव पडले होते. २०२३ मध्ये सरकारी पाटीवर धाराशिव आले, पण अत्ताराच्या कपाटातली शिशांची रांग बदललेली नाही. गुलाब, खस, केवडा, हिना, शमामा, आणि पहिल्या पावसाचा वास असलेले मिट्टी. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी (रह.) यांच्या दर्ग्याच्या उरुसात तर अत्तराच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. पैगंबर (स.) सुगंधाची भेट कधी नाकारत नसत, त्यामुळे ईदला अत्तराची शिशी देणे ही जुनी आणि सुंदर रीत आहे.

मात्र घेताना जाणून घ्या. खरे अत्तर कन्नौजमध्ये देग-भपक्याच्या पद्धतीने बनते. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी उकळतात, वाफ नळीतून भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. चंदन महाग झाल्यापासून बऱ्याच मालात चंदनाऐवजी स्वस्त रासायनिक तेल असते. ते विकणे गुन्हा नाही, पण चंदन म्हणून विकणे गुन्हा आहे. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून देणाऱ्या पैगंबरांची (स.) आपण उम्मत आहोत. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "यात तेल कुठले आहे?" जो न चिडता सांगतो, त्याच्याकडून घ्या. शिशी नुसती हुंगून घेऊ नका. मनगटावर थेंब लावा, बाजारातली बाकीची कामे उरका आणि अर्ध्या तासाने पुन्हा वास घ्या. चांगले अत्तर तोवर आपला दुसरा वास सांगू लागते. भेटीसाठी मोठी शिशी लागत नाही. चांगल्या मालाची तीन मिलीची शिशी हलक्या मालाच्या मोठ्या शिशीपेक्षा बरी.

मणियाराचे दुकान आमच्या भगिनींना सांगायला नको. पण तिथे विकली जाते ती नुसती काच नव्हे. काचेच्या बांगड्या बहुतेक फिरोजाबादहून येतात, लाखेच्या हैदराबादहून. त्या तर ऑनलाइनही मिळतात. मणियाराकडे जे मिळते ते त्याचे किंवा मणियारणीचे हात. मनगटाचे हाड पाहून माप सांगायचे, हात दाबून, वळवून, एकही बांगडी न फोडता डझनभर भरायच्या, ही कला कुठल्याही खोक्यातून घरी येत नाही. नव्या नवरीला किंवा माहेरी आलेल्या बहिणीला बांगड्यांचे पाकीट देण्याऐवजी तिला सोबत घेऊन दुकानात जा आणि म्हणा, "तुझ्या पसंतीच्या भर." त्या अर्ध्या तासाच्या गप्पा हीच भेट असते.

इथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. मणियाराकडे, कापडवाल्याकडे, शिलाईवाल्याकडे ईदच्या आधी उधारी होते आणि ती बकरीदपर्यंत लोंबते. मोठ्या मॉलमध्ये आपण बिल चुकते केल्याशिवाय दाराबाहेर पडू शकत नाही. ओळखीच्या दुकानात मात्र "आपलाच माणूस आहे" म्हणून पैसे थकवतो. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तो आपल्या ओळखीच्या माणसालाही लागू आहे. छोट्या दुकानदाराचे भांडवल फार तर एका मोसमाचे असते. चाळीस घरांनी पाच-पाचशे थकवले की पुढच्या मोसमाच्या मालाचे वीस हजार गेले. छोटी दुकाने का बंद पडतात, याचे एक उत्तर आपल्या घरातल्या वहीतही आहे.

नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. पिंजणीच्या तारेचा तो घुमणारा आवाज चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल. आता बहुतेक ठिकाणी यंत्राने कापूस पिंजतात, पण गादी भरणे, टाके घालणे हे काम हातानेच चालते. घरात बाळ आले की आपण बॅटरीवर ओरडणारी खेळणी नेतो. त्याऐवजी नदाफाकडून स्वच्छ, नव्या कापसाची छोटी दुलई भरून घ्या. वर आवडीचे सुती कापड आपणच द्या. आठ दिवस आधी सांगावे लागते, एवढीच अट. दुलई कापसाची असल्याने उन्हात टाकली की पुन्हा फुलते. फोमच्या गादीचे तसे होत नाही.

कल्हईवाल्याला आता दुकान असेलच असे नाही. कुठे तो बाजाराच्या कोपऱ्यात भट्टी मांडून बसतो, कुठे गल्लीत हाक देत येतो. तांब्या-पितळेचे भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने पुसून आतून चांदीसारखे उजळायचे. आंबट पदार्थ पितळेत कळकू नयेत म्हणून ही सोय. माळ्यावर दादीचा पितळी पातेला, हंडी किंवा पानदान पडले असेल, तर त्याला कल्हई आणि पॉलिश करून नातीच्या शादीत द्या. बाजारातल्या कुठल्याही डिनर सेटला ती सर येणार नाही. शिवाय अशा भेटीची चिठ्ठी बदलून ती पुढे ढकलायची हिंमत कुणाची होणार नाही.

शहराबाहेर पडलो तर भूमकडे जायला हवे. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा भाग कमी पावसाचा, शेतीचा भरवसा नसलेला. इथल्या घरांना दुधाने तारले आहे. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. साधारण पाच लिटर म्हशीचे दूध आटवले की एक किलो खवा पडतो, यावरून त्यामागची मेहनत आणि लाकूडफाटा यांचा अंदाज करावा. कुंथलगिरी हे जैन बांधवांचे सिद्धक्षेत्र याच तालुक्यात आहे, आणि तिथला पेढा दूरदूरचे लोक बांधून नेतात. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या ईदच्या दस्तरखानावर खव्याचे गोड येते तेव्हा त्यामागे कुणा शेतकऱ्याची म्हैस आणि कुणाची पहाटेची भट्टी असते. पुण्या-मुंबईच्या रिश्तेदारांकडे जाताना पेढा न्यायचा असेल तर निघण्याच्या दिवशीच ताजा घ्या, गरम असताना डबा बंद करू नका, आणि उन्हाळ्यात प्रवास लांबचा असेल तर नेऊ नका. भेट घेऊन जायचे आणि पाहुण्यांच्या पोटाला त्रास, असे नको.

तुळजापूरचा बाजारही पाहण्यासारखा आहे. तिथली कवड्यांची माळ हे भवानीच्या भक्तांचे श्रद्धेचे भूषण. आपण ती घालत नाही, पण ती ओवणाऱ्यांचे हात जरूर पाहावेत. कवडी घासायची, तिला भोक पाडायचे, एकसारख्या कवड्या निवडून दोऱ्यात घट्ट बसवायच्या. या तुळजापूरच्या कवडीलाही २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, मग कवडी आली कुठून? मुलांना हा प्रश्न जरूर घाला. हिंदी महासागरातल्या व्यापारात मालदीव बेटांची कवडी शतकानुशतके नाणे म्हणून चालत होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्या बेटांवर काझी होता. तिथले लोक कवड्या देऊन बंगालकडून तांदूळ घेतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे मोरोक्कोचा काझी जी कवडी मोजली जाताना पाहत होता, तिच्याच जातीची कवडी आज तुळजापूरच्या ओट्यावर ओवली जाते. आपण मात्र स्वस्त मालाला "कवडीमोल" म्हणतो!

याच जिल्ह्यातले तेर हे पूर्वीचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदरातून रोमकडे जात होता, आणि ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या व्यापारी प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या काळातल्या वस्तू पाहायला मिळतात. मुलांना घेऊन एक चक्कर मारा. परदेशी बनावटीची वस्तू म्हणजेच भारी, असे मानणाऱ्या मुलांना तिथे कळेल की कधी काळी परदेशातले लोक आपल्या गावच्या मालाची वाट पाहत.

आता थोडे नाजूक बोलू. हल्ली मोबाइलवर संदेश येतात, अमक्याकडून घेऊ नका, तमक्याकडूनच घ्या. दोन्ही बाजूंनी येतात. असा संदेश पुढे पाठवणाऱ्याने एकदा बाजाराचे गणित मांडून पाहावे. अत्ताराचे अत्तर कन्नौजच्या भट्टीतून येते, मणियाराची बहुतेक गिऱ्हाइके श्रावणातल्या आणि लग्नसराईतल्या हिंदू भगिनी आहेत, ईदच्या खव्याची म्हैस कुणा पाटलाच्या गोठ्यात आहे, उरुसातला पेढेवाला आणि तुळजापूरच्या जत्रेतला बांगडीवाला एकमेकांच्या सणावर वर्षाची कमाई करतात. यातला एक दोरा तोडला की माळ सगळीच सुटते. दुकान निवडताना माल आणि माणसाची सचोटी पाहावी. वजनकाटा कुणाचा धर्म विचारत नाही, आपणही विचारू नये.

जुन्या दुकानांबद्दल नुसते हळहळण्यात मात्र अर्थ नाही. दुकानदारांनीही काही गोष्टी शिकल्या पाहिजेत. भाव लिहून लावावा, म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला फसवले जाण्याची भीती वाटत नाही. स्त्रियांना बसायला एक बाकडे असावे. भेटीसाठी साधी, नीट पुडी बांधून द्यावी. मोबाइलवर पैसे घेण्याची सोय बहुतेकांकडे आली आहे, तसे मालाचे फोटो पाठवायलाही हरकत नाही. आणि घरातल्या मुलीला हिशोबाला बसवावे. आमच्या शाळेत गणितात हुशार मुलींची कमी नाही. दुकान पुढे नेण्यासाठी मुलगाच हवा, असे कुठल्या शरीअतमध्ये लिहिलेले नाही. हजरत खदिजा (रजि.) या स्वतः व्यापार करत होत्या, हे आपण मुलींना फक्त सीरतच्या धड्यात सांगतो.

वाचकांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. येत्या ईदसाठी भेटींची यादी करा. त्यातल्या निम्म्या तरी अशा दुकानांतून घ्या, जिथे वस्तू बनवणारा किंवा तिची पारख असणारा माणूस समोर बसलेला आहे. कर्ज काढून भेट देऊ नका, आणि शादीत दुसऱ्यांपेक्षा मोठी भेट देण्याच्या शर्यतीत तर मुळीच उतरू नका. त्या शर्यतीच्या पुढच्या वळणावर जहेज उभे असते. पैसे रोख द्या, घासाघीस माफक करा. मुलांना सोबत न्या आणि दुकानदाराला त्यांच्यासमोर विचारा, हे कसे बनते, हे कुठून येते. शेवटच्या दिवसांच्या गर्दीत त्याला मान वर करायला सवड नसते, म्हणून ईदच्या दहा दिवस आधी, दुपारच्या वेळी जा. तेव्हा तो सांगेल. आणि वर्गातल्या एखाद्या अत्तार किंवा नदाफ मुलाला पुढच्या वेळी आपल्या आडनावाचा अर्थ सांगता येईल, इन्शाअल्लाह.