परतीची वेळ

गेल्या वैशाखातील एका रविवारी सकाळी आमच्या अनगोळच्या घरी चार जण आले. चौघेही माझे माजी विद्यार्थी. एक उद्यमबागेतल्या कारखान्यात फिटर आहे, दुसरा बँकेत कारकून, तिसरा शेती सांभाळून दुधाचा धंदा करतो. चौथ्याविषयी पुढे लिहितो. चहा येण्यापूर्वीच त्यांनी ओसरीवरच्या सतरंजीवर चार पाने जोडून केलेला एक नकाशा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर चपला ठेवल्या.

"सर, पिन-पार्वतीला जातोय. वाट बरोबर हाय काय, तेवढं बघा की."

मी मराठीचा शिक्षक. भूगोल हा माझा विषय नव्हे आणि गिर्यारोहण तर नव्हेच. परंतु शाळेतील एनसीसीचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते, त्यामुळे नकाशावाचन शिकलो आणि मुलांना शिकविलेही. त्या जुन्या ओळखीवर ही मंडळी आली होती.

ज्या वाचकांना ही वाट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यातील पार्वती नदीचे खोरे आणि लाहौल-स्पिती जिल्ह्यातील पिन नदीचे खोरे यांच्यामध्ये ५,३१९ मीटर उंचीची एक खिंड आहे. मोटाररस्ता बरशैणी गावाशी संपतो. तेथून खीरगंगा, टुंडाभुज, ठाकुर कुआं, ओडी थाच असे टप्पे घेत मानतलाई सरोवर गाठायचे, वर हिमनदीवरून खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुध गावी उतरायचे. एकूण चाल सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटर. अलीकडचे खोरे हिरवेगार व ओले, तर पलीकडचे पर्जन्यछायेतले उघडेबोडके. आपल्याकडे आंबोलीचे पावसाळी रान आणि अथणीची कोरडी जमीन यांत जो फरक आहे, तोच तेथे एका खिंडीच्या दोन अंगांना दिसतो. मानतलाईपर्यंत गद्दी मेंढपाळांच्या पायवाटा सापडतात. त्यापुढे दगडधोंड्यांचे ढीग आणि बर्फ. तेथे मळलेली वाट नाही. दरवर्षी, किंबहुना दर आठवड्याला, ती नव्याने शोधावी लागते.

पोरांनी तयारी मन लावून केली होती. तंबू, दोर, झोपायच्या पिशव्या, सगळ्यांची यादी होती. मुक्काम आठ दिवसांचे आखले होते. मी पहिल्याने मुक्कामांच्या उंचीचा तक्ता करावयास सांगितला. बरशैणी सुमारे २,२०० मीटर, खीरगंगा २,९५०, मानतलाई ४,१००. खीरगंगेहून मानतलाई ते दोन दिवसांत गाठणार होते. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की, ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, याचा आपल्याला थंड हवेपुरता अभिमान असतो. पण त्या उंचीचा हिमालयात काही उपयोग नाही. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे. त्यांकडे काणाडोळा करून वर चढत राहिले तर मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साचून तरणाताठा माणूसही दगावतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे.

नंतर उताराचा हिशेब झाला. नकाशाचे प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. समोच्च रेषांमधील उंचीचा फरक ४० मीटर. दोन रेषांत एकच मिलिमीटर अंतर असेल, तर ५० मीटर पुढे जाताना ४० मीटर चढावे लागते. हा उतार सुमारे ३९ अंशांचा होतो. तेच अंतर २ मिलिमीटर असेल तर २२ अंशांचा. बर्फाचे कडे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून कोसळतात. म्हणून रेषा जेथे दाटीवाटीने उभ्या आहेत तेथे तांबड्या पेन्सिलीने खुणा करावयास लावल्या. कारकुनाने पट्टी घेतली, फिटरने खुणा केल्या. गणिताच्या तासाला ज्यांचे कान मी धरले होते तेच आता अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालीत होते.

वेळेचेही तसेच. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपे सूत्र सांगितले. ताशी ५ किलोमीटर चाल धरावी आणि प्रत्येक ६०० मीटर चढास एक तास जादा द्यावा. शेवटच्या तळापासून खिंड ५ किलोमीटर व ६०० मीटर चढावर आहे असे धरले, तर या सूत्राने दोन तास होतात. परंतु हे सूत्र स्कॉटलंडच्या टेकड्यांवरचे. विरळ हवेत, पाठीवर ओझे घेऊन, बर्फात पाऊल चाचपीत जाणाऱ्यासाठी मी पाच तास लिहावयास सांगितले. पहाटे चारला निघायचे, कारण रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेला असतो; ऊन चढले की पाय रुतू लागतात. नदीनाल्यांचेही तेच. वरचा बर्फ दिवसा वितळतो व दुपारनंतर पाणी चढते, म्हणून ओढे सकाळीच ओलांडावेत.

अन्नाचा विचार गृहिणीच्या नजरेने करावा लागला. मानतलाईला पाणी ८६-८७ अंशांवरच उकळू लागते. उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. तेव्हा कुकर तरी हवा, नाहीतर पोहे, सातू, शेंगदाण्याची चटणी, गूळ असे न शिजवता चालणारे पदार्थ. माणशी रोज ७५० ग्रॅम कोरडा शिधा धरला. आठ दिवसांचे अकरा दिवस झाले होते. त्यांत हवा बिघडली तर म्हणून दोन दिवस जादा घातले. तेरा दिवसांचे माणशी पावणेदहा किलो!

"एवढं कशाला, सर?" दूधवाला म्हणाला. "खिंड नवव्या दिवशी वलांडली की मग उतारच हाय न्हवं?"

या प्रश्नावर मी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली. बद्रीनाथ आणि केदारनाथ ही दोन धामे सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरांवर आहेत. यात्रेकरूला मात्र दोनशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. पूर्वी एकच पुजारी एका दिवसात दोन्हीकडची पूजा करीत असे, अशी तिकडे दंतकथा आहे. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज गिर्यारोहक अंग थार्के, पासांग व कुसांग या तीन शेर्पांसह ऐन पावसाळ्यात त्या दोन खोऱ्यांमधील पर्वतरांग ओलांडण्यास निघाले. खिंड त्यांनी ओलांडली. पण पलीकडे उतरल्यावर लागले बांबूचे निबिड अरण्य, वर अखंड पाऊस, आणि शिधा संपत आलेला. बांबूचे कोंब उकडून खात त्यांनी दिवस काढले आणि कसेबसे माणसांत आले. हे जगातील निष्णात प्रवासी होते. मोहिमेची आखणी लिफाफ्याच्या पाठीवर मावली पाहिजे, असे त्यांच्या पंथात मानीत. त्यांच्यावर जर ही पाळी आली, तर खिंड ओलांडली की झाले, असे आपण कशाच्या बळावर म्हणावे? आणि खिंड ओलांडताच आली नाही तर? मग आलेली सगळी वाट उपाशीपोटी परत चालायची काय?

ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. आता त्या चौथ्याविषयी लिहिले पाहिजे.

बावीस वर्षांपूर्वी माघ महिन्यात, मी तेव्हा ज्या शाळेत होतो तेथील सात मुलांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक रामघाटाच्या बाजूच्या डोंगरांतून तळकोकणात उतरणार होतो. आंबोलीचा घाटरस्ता होण्यापूर्वी बेळगाव-वेंगुर्ले वाहतूक रामघाटाने चालत असे, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आम्ही निवडली होती त्याच्या आसपासची एक मोडलेली पायवाट. मला तिचे वेड लागले होते. साडेअकराच्या सुमारास ती कारवीच्या रानात नाहीशी झाली. सोबतचे शिक्षक म्हणाले, "परत फिरूया." मी मुलांना सकाळीच सांगून बसलो होतो की, दुपारचा चहा कोकणात! तो शब्द मोडवेना. आम्ही उतरत राहिलो. तीन वाजता पाणी संपत आले. पाच वाजता चौदा वर्षांचा एक मुलगा घसरला आणि त्याचा घोटा मोडला. ती रात्र आम्ही नऊ जणांनी उतारावर दीड लिटर पाण्यावर काढली. त्याचे कण्हणे मला अजून ऐकू येते. सकाळी एका धनगराने आमच्या हाका ऐकल्या, दोन काठ्या व घोंगडी यांची डोली केली आणि तासाभरात त्याने आम्हांला वाटेला लावले. ती वाट आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

त्या मुलाच्या वडिलांपुढे मी उभा राहिलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही होता म्हणून पाठवला होता." रागावले असते तर बरे वाटले असते. चूक वाटेची नव्हती आणि मुलाचीही नव्हती. ती सर्वस्वी माझी होती. कोठून परत फिरायचे हे मी निघण्यापूर्वी ठरविले नव्हते. डोंगरात थकलेल्या, तहानलेल्या माणसाने, त्यातही चारचौघांत शब्द दिलेल्या माणसाने, तो निर्णय तेथल्या तेथे घेणे फार कठीण असते. म्हणून तो घरी, सतरंजीवर बसून, पोट भरलेले असताना घ्यावा.

तोच मुलगा आज छत्तीस वर्षांचा आहे. थंडीत त्याचा घोटा अजून दुखतो. नकाशाच्या कडेला तो वही घेऊन बसला होता. माझी हकीकत संपली तेव्हा त्याने मान वर न करता विचारले, "सर, परतायची वेळ कितीची लिहू?"

आम्ही लिहिले: दहावा दिवस, सकाळचे दहा. खिंड नवव्या दिवशी गाठायची. हवेने अडविले तर राखीव दिवसांपैकी एकच खिंडीआधी खर्चायचा. दहाव्या दिवशी दहा वाजता जेथे असू तेथून माघारी. उरलेल्या तीन दिवसांच्या शिध्यात खाली. वाद घालायचा नाही, मते घ्यायची नाहीत. सोबत तिकडच्या गावचा माहीतगार वाटाड्या घ्यायचा आणि त्याने 'नको' म्हटले तर घड्याळाकडेही पाहायचे नाही. आपल्या देशात उपग्रह-दूरध्वनी परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तेव्हा वरून खबर मिळण्याची आशा नव्हती. म्हणून आराखड्याची एक प्रत माझ्या घरी दिनदर्शिकेला टाचली गेली. चौदाव्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत फोन आला नाही, तर मी तिकडच्या पोलिसांना कळवायचे.

ऑगस्टच्या अखेरीस मंडळी निघाली. अकरावा दिवस गेला, बारावा गेला. मुधहून फोन येईल या आशेने मी शाळेतही तो जवळ ठेवीत होतो. तेराव्या रात्री त्या चौथ्याची पत्नी मुलीला घेऊन आमच्याकडे आली. काही न बोलता दिनदर्शिकेवरचा कागद वाचून गेली. हिने रात्री दोनदा दिवा लावला. मी जागाच होतो. आराखडा आखून देणाऱ्याची जबाबदारी आखणीपाशी संपत नाही, हे त्या रात्री मला दुसऱ्यांदा कळले.

चौदाव्या दिवशी दुपारी सव्वादोनला फोन वाजला. बरशैणीहून.

मानतलाईला त्यांचा एक दिवस हिमवर्षावात गेला. दहाव्या दिवशी पहाटे निघाले तो ताजा बर्फ गुडघाभर होता आणि त्याखाली हिमनदीच्या भेगा झाकल्या गेल्या होत्या. वाटाड्या प्रत्येक पाऊल काठीने चाचपून टाकीत होता. दहा वाजता खिंड समोर दिसत होती, फार तर दीडशे मीटर वर. आभाळ स्वच्छ होते. दूधवाला म्हणाला, "आणि एक तास." चौथ्याने वही काढली नाही, घड्याळ तेवढे पुढे केले. ते परतले. खाली येताना एका ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला होता. पाणी उतरेपर्यंत पूर्ण दिवस थांबावे लागले. तेराव्या रात्री खीरगंगेला पोहोचले तेव्हा चौघांत मिळून दोन मुठी पोहे शिल्लक होते.

गावात लोक विचारतात, "खिंड झाली काय?" दूधवाल्याला हा प्रश्न झोंबतो, पंधरा दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. मी त्याला दोष देत नाही. दीडशे मीटरांवरून फिरणे सोपे नसते; मला तर कोकणातल्या एका चहावरूनही फिरता आले नव्हते.

आपल्या वाचकांच्या घरांतील मुले-मुली आज हिमालयात जातात, परदेशांतले पर्वतही चढतात. त्यांना अडवू नये. पण निघण्यापूर्वी त्यांना जवळ बसवून, कोठवर जाणार हे विचारून झाल्यावर, परतायची वेळ कितीची लिहिली आहे तेही विचारावे. आणि तो कागद घरात टाचून ठेवावा.

गेल्या रविवारी चौघेही पुन्हा आले. दूधवाल्याने येताना खरवस आणला होता. सतरंजीवर तोच नकाशा, तीच तांबडी खूण. वहीचे नवे पान उघडून चौथ्याने सर्वांत वर परतीची ओळ लिहिली, आणि मग बाकीचे विचारावयास सुरुवात केली.